निळे डगले

आकाशात हिरवा उजेड हलू लागला, तशी सगळी बस खाली उतरली. मान वर करून मनसोक्त पाहिल्यावर मंदाकिनीबाईंनी हात बाजूला नेला, तर शेजारी यजमान नव्हते.

बर्फावर सगळी माणसं सारखीच दिसत होती. टूरवाल्यांनी प्रत्येकाला जाड निळा डगला आणि तोंड झाकणारी टोपी दिली होती. यजमानांना अलीकडे आठवत नाही, हे बाईंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. कळतं तर त्यांना कुणी आणलंच नसतं. आणि बाईंना तर, ते आपल्याला ओळखतात तोवरच त्यांच्याबरोबर हे आकाश बघायचं होतं.

"अहो," त्यांनी हाक मारली. सात-आठ निळे डगले एकदम वळले.

"काकू, नावानं हाक मारा की," टूर मॅनेजर हसत म्हणाला. "इथे सगळेच कुणाचे तरी अहो आहेत."

लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर ते नाव बाईंच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण पलीकडे अर्धवट गोठलेलं तळं होतं. आता लाजून चालणार नव्हतं.

"भालचंद्र," त्या ओरडल्या. पुन्हा ओरडल्या. आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं. एकही डगला वळला नाही.

मग मागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टोपी वर सारून भालचंद्रराव काळजीनं त्यांच्याकडे पाहत होते.

"रडू नका, बाई," ते म्हणाले. "आपण शोधू. तुमचं कोण हरवलंय?"