खवल्याचा माग

कमळूच्या नखांत पुन्हा लाल माती होती.

भिमीने त्याच्यापुढे नाचणीची भाकर ठेवली आणि त्या नखांकडे बघत राहिली. भात कधीच झोडून झालं होतं, वाल उपटायला अवकाश होता. या दिवसांत हाताला माती लागायचं काही कारण नव्हतं.

"कुठं गेलता?"

"फाटी बघाया."

"मंग चुलीला फाटी कुठं हाय?"

"वली व्हती."

"या थंडीची वली?"

कमळूने भाकर मोडली. भिमीनेही ताणलं नाही. ताणायची ताकद आता उरली नव्हती. तरणी होती तेव्हा ती भांडायची. शिकारीत कमळू धरला गेला, तेव्हा कोर्टाच्या तारखांना पोर पाठीशी बांधून ती धसईपर्यंत पायी उतरायची आणि तिथून मुरबाडची एसटी धरायची. तेव्हा या डोंगरात त्याच्यासारखा शिकारी नव्हता. बिळाच्या तोंडाशी नाक नेऊन जनावर घरात आहे का बाहेर, ते तो सांगायचा.

शेवटचा खवल्या त्याने मारला तो लेकीच्या लग्नाला. मांडवात खवले मांजराचं मटण वाढलं म्हणून व्याही वर्षभर गात होता. लेक सासरी निघाली तेव्हा भिमीने कमळूला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. 'यापुढं नाय,' तो म्हणाला होता. त्यानंतर डोंगरात खवल्या कुणाला दिसलाच नाही.

आणि आता त्यांच्या म्हातारपणी, गेल्या वर्षी, खवल्या परत आला होता.

माग पहिल्यांदा दिसला नेहाला. नेहा म्हणजे इथली वनरक्षक, शहापूरकडची पोर. त्या दिवशी ती धावतच अंगणात आली होती. "बाबा, चला लवकर! कुणीतरी वारूळ उकरलंय." कमळूने धुळीतला शेपटीचा फराटा वाकून बघितला आणि नुसती होकाराची मान हलवली. पोरीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. मग गाड्या आल्या, साहेब आले, वाटेवर पाटी लागली. पलीकडचा डोंगर खडीवाल्यांनी निम्मा खाऊन टाकला होता. त्याची पांढरी धूळ भिमीच्या कौलांवर बसायची. इकडच्या डोंगरालाही मोजणीच्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्या साहेबांनी, खवल्या आहे तिथे खाण नको म्हणत, उपटायला लावल्या.

भाकर खाऊन कमळू गुरांकडे गेला आणि तेवढ्यात नेहाच आली. भिमीने तिला कोरा चहा दिला.

"आजी, नवं बीळ सापडलं. ताजं आहे अगदी."

"फोटू निघाला का गो?"

"तेच तर. बाबांनी जागा दाखवली तिथंच कॅमेरे बांधले, तरी येत नाही. भलताच लाजरा आहे तुमचा खवल्या."

"शाणा झाला असंल. मानसं बगितली ना त्यानं."

नेहा हसली, मग तिने कप खाली ठेवला. "म्हसा गावच्या जत्रेत एक जण खवल्यांची चौकशी करत फिरत होता. त्यांच्या अंगावरचे खवले बाहेरच्या देशात औषधाला जातात. साऱ्या जगानं विक्री बंद केलीय, तरी चोरून चालतं."

"जगाला आमचा डोंगर कवा दिसला?"

"दिसलाय आता. म्हणून तर सांगते." नेहा जरा थांबली. "तो माणूस बाबांशी बोलत होता, आजी. माझा बाबांवर भरवसा आहे. पण साहेब जुनी केस विसरलेले नाहीत. या खेपेला सापडले तर मलाही काही करता येणार नाही."

नेहा गेली.  भिमी गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि माळ्यावर चढली. तिथे, धुराने काळ्या पडलेल्या करंड्यात, लग्नातल्या त्या खवल्याचा वाळलेला पंजा आणि शेपूट ठेवलेलं असायचं. नातवंडं झोपेत दचकली की तो पंजा त्यांच्यावरून उतरवायची तिच्या सासूपासूनची रीत.

करंडा रिकामा होता.

म्हणजे वाळलेला विकला, आणि आता जिता धरायला निघाला. लेकीच्या डोक्यावरचा हात विसरला. पुन्हा मुरबाड, पुन्हा त्या तारखा. या वयात एसटीची पायरी तरी चढवेल का? आणि त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं? भिमीला रडूही आलं नाही. नुसता थकवा आला.

सकाळी झुंजुमुंजू असताना कमळू घोंगडी पांघरून निघाला. भिमी काठी घेऊन मागे निघाली. जनावर पिशवीत असलं तर पिशवी ओढून घ्यायची आणि सोडून द्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. चढणीला दोनदा तिचा श्वास कोंडला.

पाटीच्या पुढे, वारुळाजवळ, कमळू गुडघ्यांवर वाकला होता. घोंगडी बाजूला पडली होती. त्याच्या हातात खवल्या दिसला.

"सोडा त्याला!" भिमी ओरडली. "लेकीची आन हाय तुमाला!"

कमळूने मागे वळून बघितलं. त्याच्या एका हातात वाळलेला पंजा होता, दुसऱ्यात शेपूट. वारूळ नुकतंच उकरलेलं होतं. तिथून निघालेले पंजाचे ठसे आणि मधला शेपटीचा फराटा त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबले होते.

"कुनाला सोडू?" तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "मांडवात वाढला त्योच शेवटचा व्हता गो."

पलीकडे खडीचं यंत्र सुरू झालं. भिमीची नजर त्या मागावरून खुंट्या उपटलेल्या उतारावर गेली. मग तिने निरगुडीची एक डहाळी मोडली आणि नेहा यायच्या आत नवऱ्याच्या गुडघ्यांचे ठसे पुसत मागे मागे सरू लागली.