चांगला कुठला

"वहिनी, वळून बघायचं नाही हं," गिटारवाला म्हणाला.

"बघून काय कळतंय त्यातलं?" मिस्त्रीच्या बायकोने खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि पाठमोरी बसली. वीस वर्षं ती अशीच बसत आली होती. तिने ऐकून मान डोलावल्याशिवाय मिस्त्रीचा एकही ॲम्प्लिफायर दुकानाबाहेर गेला नव्हता.

कामाच्या टेबलावर दोन ॲम्प शेजारी शेजारी होते. दोन्हींवर तेच पिवळसर ट्वीडचं कापड, तीच चामड्याची मूठ. सत्तर वर्षांपूर्वी असे ॲम्प निघायचे. आता अस्सल कुणाला परवडत नाहीत, म्हणून त्यांच्या हुबेहूब प्रती हाताने बनवायच्या, हा मिस्त्रीचा धंदा. डावा ॲम्प त्याचा. उजवा त्याच्या जुन्या भागीदाराचा. पाच वर्षांपूर्वी भागीदार याच टेबलावरून उठला आणि तीन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. गिटारवाल्याला रेकॉर्डिंगसाठी दोघांतला एकच घ्यायचा होता.

तो गिटार सुरात लावत होता तेवढ्यात मिस्त्रीने उजव्याची मागची फळी काढून आत डोकावून घेतलं. तारा सरळ, जोडांचं डागकाम चकचकीत. हे सगळं त्यानेच शिकवलेलं. एका ठिकाणी मात्र भागीदाराने तार उगाच लांब ठेवली होती. "वेंधळा तो वेंधळाच," मिस्त्री पुटपुटला. त्याला जरा बरं वाटलं.

"हा पहिला," गिटारवाला म्हणाला आणि त्याने डाव्यावर वाजवायला घेतलं. आवाज गोल, स्वच्छ. कितीही जोरात छेडलं तरी काठ न सोडणारा. मिस्त्री मनातल्या मनात सुखावला.

"आता दुसरा."

हळू वाजवताना दोघांत काही फरक नव्हता. मग गिटारवाल्याने हात मोकळा सोडला आणि आवाज फाटला, खरखरला, खिडकीची काच थरथरली. त्याने हात हलका केला तसा तो क्षणात निवळला. मिस्त्रीचं लक्ष ॲम्पकडे नव्हतंच. पहिल्याच्या वेळी बायकोचे हात मांडीवर स्वस्थ होते. आता तिची बोटं खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होती.

"सांग, चांगला कुठला?" त्याने विचारलं.

"दुसरा." तिला विचारही करावा लागला नाही.

"बघ!" मिस्त्री हसला, जरा जास्तच मोठ्याने. "तो माझाच."

गिटारवाल्याने मान खाली घातली आणि नसलेली गाठ सोडवल्यासारखा गिटारच्या वायरीशी चाळा करू लागला.

"नाही," बायको म्हणाली. अजून पाठमोरीच. "पहिला तुमचा. पहिल्या सुरालाच ओळखला."

"मग दुसरा कशाला म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत, चांगला कुठला. 'माझा कुठला' असं विचारलं असतंत, तर तसं सांगितलं असतं."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे दुसरा कुणाचा तेही ओळखलंस."

"ओळखलं."

"म्हणूनच!"

"म्हणूनच काय?" तिने आता खुर्ची फिरवली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

गिऱ्हाईकासमोर त्याला पुढचं बोलता येईना. एकटा असता तरी आलं असतं की नाही, कोण जाणे. पाच वर्षांत तिने भागीदाराचं नाव एकदाही काढलं नव्हतं, आणि ते न काढणंच त्याला रोज खुपत होतं.

"वहिनी, पण फरक काय वाटला?" गिटारवाल्याने मध्ये तोंड घातलं.

"यांचा ॲम्प रागावला तरी अहो-जाहो करतो," ती म्हणाली. "तो ओरडतो आणि मोकळा होतो. गाण्यात तसंच लागतं ना?"

गिटारवाल्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही.

"मग हाच नेतो, मिस्त्री. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कसलं त्यात?" म्हणत मिस्त्रीने स्वतःच तो ॲम्प उचलला. कुणी नको म्हणायच्या आत तो जिना उतरायलाही लागला. ॲम्प अजून कोमट होता आणि त्याच्या स्वतःच्या ॲम्पपेक्षा चांगला किलोभर हलका. जिन्याच्या वळणावर त्याला राहवेना.

"लाकूड कुठलं वापरतो तो?"

"ते नाही विचारलं," मागून येणारा गिटारवाला म्हणाला.

खाली त्याने ॲम्प गाडीच्या डिकीत नीट बसवला, हलू नये म्हणून बाजूला घोंगडी कोंबली. मग घोंगडीकडेच बघत म्हणाला, "माझ्याकडे आणतोयस, हे माहीत होतं त्याला?"

"होतं की. मीच सांगितलं."

"हसला असेल."

"छे. ॲम्पबद्दल तर काहीच बोलले नाहीत." गिटारवाल्याने किल्ल्या शोधायला खिसे चाचपले. "एकच विचारलं. वहिनी अजून ऐकायला बसतात का? म्हणाले, पाच वर्षांत इतके ॲम्प बनवले, पण त्यांनी ऐकल्याशिवाय एकही पुरा झाल्यासारखा वाटत नाही."

मिस्त्रीने वर पाहिलं. खिडकीत बायको पाठमोरी उभी होती, टेबलावरचं आवरत असावी.

"सांगू का त्यांना? वहिनींनी तुमचाच निवडला म्हणून? भारी खूश होतील."

मिस्त्रीने डिकीचं झाकण खाली ओढलं, लागलंय का ते दोनदा दाबून पाहिलं.

"ती आता ऐकत नाही, म्हणून सांग," तो म्हणाला.