अक्षर ताईंचं

“ताई, ओठसुद्धा हलवू नका,” पर्यवेक्षकांनी बजावलं. हणमंताला दिसत नाही. तो सांगणार, मी लिहिणार. मी दहावी शिकलेली, पेपर बी.ए.चा.

शेवटचा प्रश्न : लेखक आणि निवेदक यांतला फरक उदाहरणासह लिहा. या पेपरात तो दोनदा नापास झालेला. गाईडमधलं उदाहरण महिनाभर मीच त्याला वाचून दाखवलं होतं. आता तो ते विसरला, आणि माझ्या मात्र ओठांवर आलेलं. एक शब्द बोलले असते तर त्याचा पेपर रद्द. पेनाचं टोपण चावत मी गप्प बसले.

दहा मिनिटं उरली तेव्हा तो हसला. “लिहा ताई. या पानावरचं अक्षर ताईंचं, पण यातला ‘मी’ त्या नव्हेत, मी आहे. कथेतही लिहितो लेखक. ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक वेगळा असतो.”

माझा हात थांबला. मग लिहिलं ते इतकं वळणदार, की स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्तेही तसे लिहिले नव्हते.

पर्यवेक्षक वाकून वाचत राहिले. “कोणत्या पुस्तकातलं रे हे?”

“पुस्तकातलं विसरलो, सर.”