रांगेतले इलेक्ट्रॉन

"हा आलेख कुठल्या परदेशी पेपरातून उचललास?" प्रबंधावर सही करता करता खांबेटे सर थांबले.

"आपल्याच लॅबमधला आहे, सर," ऋजुता म्हणाली. "धातूचा ठिपका इतका बारीक आहे, की त्यात एका वेळी एकच जादा इलेक्ट्रॉन मावतो. आतला बाहेर पडला की मगच दुसरा शिरतो."

"धक्काबुक्की न करता? आपल्याकडे?" सर चष्म्यावरून पाहू लागले. "आलेख उचललेला निघाला तर तुझी पाच वर्षं पाण्यात जातील, बाई. माझ्यासमोर मोजून दाखव."

लॅबमध्ये पडद्यावरची रेषा, इलेक्ट्रॉन शिरला की वर आणि निघाला की खाली, अशी शिस्तीत एकेक पायरी चढत-उतरत राहिली. सरांचा संशय पायरीगणिक वाढत गेला.

तेवढ्यात रेषा थरथरली. आतला निघायच्या आधीच दुसरा आत होता. ऋजुताचं तोंड उतरलं. "क्वांटम जगात कधीकधी एखादा असा मध्येच घुसतो, सर."

"घुसला? मग प्रयोग इथलाच," म्हणत सरांनी सही ठोकली.