शेवटचे चार किलो

विमानाचं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन हलकं करता करता धाकट्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण शेवटचे चार किलो काही केल्या हटेनात. डिझेलचा दाब सोसायचा तर सिलिंडर जाडच हवा. आणखी एक पापुद्रा जरी तासला, तरी तो फुटायचा. चाचणीचं उड्डाण थोरला भाऊच करणार होता. "शेवटी विमान, इंजिन आणि वैमानिक, सगळ्यांचं मिळून वजन धरणार ना? मग त्या बिचाऱ्या इंजिनाला सोड, मीच उतरवतो चार किलो," तो हसत म्हणाला होता. तेव्हापासून दर सोमवारी तो कारखान्यातल्या वजनकाट्यावर उभा राहायचा आणि धाकटा फळ्यावर आकडा लिहायचा. एक किलो कमी. मग अडीच. आज काटा पहिल्या सोमवारपेक्षा एकदम साडेपाच किलोंनी खाली आला, तसा धाकट्याचा आनंद गगनात मावेना.

"मानलं तुला, दादा! खाण्यातलं काय काय सोडलंस रे?"

"काहीच नाही. डाएट पहिल्या आठवड्यातच गुंडाळलं मी." थोरला काट्यावरून अजून उतरला नव्हता. "पण आकडा लिहिताना तू इतका खूश व्हायचास, की सांगवेना. लिही. डॉक्टर म्हणाले, अजून बरंच उतरेल."