शकुनाचं पाकीट

"हा भात सांडतो," शूहुआ नवऱ्याच्या कानात म्हणाली. "खोडा याचं नाव."

जिनफाने मान डोलावली. व्हिएतनाममधल्या होइ आनच्या त्या स्वस्त लॉजच्या अंगणात पाच तरुण न्याहारीला बसले होते, त्यांतले तीन तैवानचे. उरलेल्या दोघांकडे शूहुआ बघतही नव्हती. जावई आपल्याच भाषेतला हवा, नाहीतर पेइशान बोलणार कुणाशी?

दोघांनीही साठी ओलांडलेली आणि पाठीवर कॉलेजच्या पोरांसारख्या पिशव्या. जिनफाने चाळीस वर्षं तैवानच्या तैनान शहरात स्कूटरी दुरुस्त केल्या होत्या. बऱ्यापैकी हॉटेल परवडलं असतं. पण शूहुआ हटूनच बसली. जिथे पोरं उतरतात तिथेच उतरायचं. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस ही यादी पेइशानच्या अक्षरातली होती. निळी पिशवीही तिचीच. तिला जाता आलं नव्हतं.

गावात प्रयत्न करून झाले होते. तीन वर्षांत एकही मुलगा पुढे आला नाही. धाकट्याचं लग्न दोनदा ठरून मोडलं, आणि मोठीचं रखडलंय म्हणूनच ते मोडलं, हे शूहुआच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"काल पुन्हा स्वप्नात आली," कंबोडियाच्या बसमध्ये ती म्हणाली. "म्हणाली, आई, मला माझं घर नाही."

"आपलं घर आहे की."

"आपल्या घरात तिला जागा नाही. उगाच लहान मुलासारखं बोलू नका."

 ही रीत जिनफाने थोडीच केली होती? बस पुलावर चढली तशी शूहुआ निळ्या पिशवीवर हात ठेवून पुटपुटली, "पूल आला, सांभाळून." दर पुलावर ती एवढंच म्हणायची.

आणि ते पाकीट. लाल, शकुनाचं, जावयाच्या हातात पडायचं पाकीट. एरवी चमचासुद्धा मोजून ठेवणारी बाई हे पाकीट मात्र कुठेही विसरायची. होइ आनला बाकाखाली राहिलं, काम्पोतला झोपाळ्यावर. दोन्ही वेळा जिनफा धापा टाकत मागे गेला आणि घेऊन आला. दोन्ही वेळा ती त्याच्यावरच उखडली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आणायला?"

"दुसऱ्या कुणी उचललं असतं तर?"

"तर उचललं असतं."

 जिनफाला तिचं वागणं कळत होतं, स्वतःचं कळत नव्हतं. पोटची पोर, तिचं भलं व्हायलाच हवं. पण दुसऱ्या कुणाच्या पोराला असं बेसावध गाठायचं? एका क्षणी वाटे, शूहुआचं बरोबर आहे. दुसऱ्या क्षणी वाटे, सरळ घरी जावं.

लाओसमध्ये, लुआंग प्रबांगला क्वानयू भेटला. एकोणतीस वर्षांचा, तैवानमधल्याच च्याईचा, बेकरीत कामाला. निळ्या पिशवीचा पट्टा उसवलेला दिसला, तशी न विचारता सुई-दोरा काढून शिवायला बसला. जेवण झाल्यावर स्वतःचा वाडगा धुतला, शेजाऱ्याचाही धुतला. शूहुआने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"लग्न झालंय का रे?"

"नाही काकू. आजी रोज नवी पोरगी दाखवते. म्हणून तर पळून आलोय."

शूहुआने फोटो पुढे केला. क्वानयूने हात पुसून तो धरला. "छान हसते."

"आमची पेइशान. तिला अननसाचा केक फार आवडायचा."

"आता नाही आवडत?"

जिनफाला ठसका लागला.

"आता नुसत्या वासावर भागवते," शूहुआ म्हणाली.

"माझी बहीणही तशीच," क्वानयू हसला. "ही डाएटची खुळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. फाटकाशी टुकटुक उभी होती. शूहुआ पुढे गेली आणि पायरीवर ते लाल पाकीट राहिलं.

जिनफा थांबला. नुसतं वाकायचं होतं. खांद्यावरच्या पट्ट्यावर त्याचा हात गेला. टाके बारीक होते, एकसारखे. एवढा भला पोरगा, म्हणून पाकीट उचलून घ्यावंसं वाटलं; एवढा भला पोरगा, म्हणूनच तिथे राहू द्यावंसंही वाटलं. शूहुआने वळून बघितलं. सहा वर्षांत तिने त्याच्याकडे इतक्या आशेने कधी बघितलं नव्हतं.

तो न वाकता चालू लागला.

"काका! थांबा, तुमचं पाकीट पडलं."

क्वानयू चपला फटफटवत धावत आला. शूहुआचे डोळे भरून आले होते.

"उघडून बघ बाळा," ती म्हणाली. "आमचंच आहे ना?"

त्याने उघडलं. आत नोटा होत्या, जन्मवेळ लिहिलेला कागद होता आणि लाल दोऱ्याने बांधलेली केसांची एक बट. त्याचं हसू मावळलं. 

"आजी सांगायची," तो हळूच म्हणाला, "वाटेवरचं लाल पाकीट उचलू नकोस. उचलशील तर त्या घरचा जावई व्हावं लागेल. इतक्या लांब येऊन विसरलोच मी."

जिनफाने हात पुढे केला. "दे इकडे. मीच उचललं असं समजू. जा तू."

क्वानयूने पाकीट दिलं नाही. बट जपून आत सरकवली आणि पाकीट दोन्ही हातांत धरलं.

"काका," त्याने विचारलं, "ती जाऊन किती वर्षं झाली?"