डावखुरा जावई

पासष्टच्या लढाईनंतर सरकारी प्रसिद्धीची गाडी आमच्या तापीकाठच्या गावी आली आणि चौकात पांढरा पडदा ताणला गेला. रीतीप्रमाणे पुरुष मंडळी पडद्यापुढे बसली, आम्ही बायका त्याच पडद्याच्या मागे; चित्र आरपार दिसायचे. त्या चित्रपटातले युद्ध म्हणजे जणू जत्राच होती. एकही जवान दमलेला नव्हता. आणि त्या हसऱ्या जवानांत चक्क रतिलाल दिसला, ज्याच्याशी माझी सोयरीक ठरली होती! मी मनातल्या मनात हरखले, तोच तो पंगतीत बसून डाव्या हाताने रोटी खाऊ लागला.

माझी थोरली चुलती जसोदाबाई, आमची मोठी माय, जिचा शब्द आमच्या घरात अखेरचा, ती ताडकन उठली.

"डावा हातवरी खानारा जवाई माले नको! सोयरीक मोडी टाका!"

पडद्यापलीकडून माझे वडील ओरडले, "वहिनी, उजवा हातवरी खाई ऱ्हायना तो!"

"मंग माले काय दिसत नही का?"

इतक्यात पडद्यावर सेनापती आले. त्यांनी डाव्या हाताने सलाम ठोकला, आणि त्यांच्यामागे साऱ्या पलटणीनेही डाव्याच हाताने. वडीलधाऱ्यांसमोर मी आयुष्यात प्रथमच आवाज चढवला.

"मोठी माय, आख्खी फौज डावखुरी शे! मंग लढाईबी मोडी टाकानी का?"



मागून पाहिले की डावे-उजवे उलटे दिसते हे उमगले, सोयरीक टिकली, आणि पुढच्या खेळाला मोठ्या मायने आपली बाज थेट पडद्यापुढे, पुरुषांच्याही पुढे टाकायला लावली.